घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज घेताना व्याजदराच्या आधी मुदत पाहावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमध्ये १९९४ साली बांधलेल्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर आपली दोन बेडरूमची सदनिका आहे. ती आपण पुनर्विक्रीत घेतली असून त्या गृहकर्जाचे सुमारे १४ लाख रुपये फेडायचे बाकी आहेत, दहा वर्षांची मुदत उरली आहे आणि हप्ता साधारण १७,४०० रुपये आहे. पती-पत्नींचे मिळून हातात येणारे उत्पन्न १ लाख १० हजार रुपये आहे आणि बँकेत ४ लाखांची मुदत ठेव आहे. सासूबाई कायमच्या राहायला येणार असल्यामुळे बाथरूम, नळजोडणी, वायरिंग, फरशी, स्वयंपाकघर आणि फर्निचर असे सगळे काम एकदमच करायचे आहे. ठेकेदाराने १२ लाखांचा आकडा दिला आहे. पगाराच्या बँकेने ॲपवर लगेच मिळणारे वैयक्तिक कर्ज देऊ केले आहे, गृहकर्जाची बँक पंधरा वर्षांचे टॉप-अप कर्ज, म्हणजे चालू गृहकर्जावर त्याच घराच्या तारणावर मिळणारे वाढीव कर्ज, द्यायला तयार आहे आणि ठेकेदार स्वतःच एका वित्तकंपनीमार्फत हप्त्यांची सोय करून देतो म्हणतो. या तिन्हींपैकी काय निवडावे, असे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. आपण गृहकर्जाच्या बँकेकडूनच टॉप-अप किंवा गृहसुधार कर्ज (खास घराच्या दुरुस्तीसाठीचे कर्ज) घ्यावे, मात्र ते १२ लाखांचे न घेता ८ लाखांचे घ्यावे आणि पंधरा वर्षांऐवजी पाच वर्षांच्या मुदतीचे घ्यावे. कर्जाच्या प्रकारापेक्षा रक्कम आणि मुदत या दोन गोष्टींनी आपला जास्त फायदा किंवा तोटा होणार आहे, म्हणून त्यांच्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो.

आपण पाठवलेल्या अंदाजपत्रकात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी १ लाख २५ हजार रुपये धरले आहेत, कारण पावसाळ्यात आपल्या बेडरूमच्या छताला ओल येते. हा खर्च आपला नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (संस्थेच्या कारभाराच्या नियमांनुसार) इमारतीची गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक जलवाहिन्या आणि सर्वांत वरच्या मजल्यावरील छतातून होणारी गळती यांची दुरुस्ती संस्थेने संस्थेच्या खर्चाने करायची असते. सदनिकेच्या आतील बाथरूम, सिंक, आतली नळजोडणी यांची गळती मात्र त्या सभासदाने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. वरच्या मजल्यावरचे अनेक सभासद समितीशी वाद नको म्हणून गच्चीचे काम स्वतःच्या पैशाने करून टाकतात आणि त्यासाठी कर्जही काढतात. दोन पावसाळ्यांनी ते काम पुन्हा करावे लागले तर त्या वेळी संस्थाही हात वर करते. त्यापेक्षा ओल आलेल्या भागाची छायाचित्रे जोडून सचिवांना लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि इमारतीचे संरचनात्मक परीक्षण (स्ट्रक्चरल ऑडिट) शेवटचे कधी झाले हेही त्याच अर्जात विचारावे. उपविधींनुसार तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचे हे परीक्षण दर तीन वर्षांनी व्हायला हवे, आणि आपल्या इमारतीने तीस वर्षे ओलांडली आहेत.

इमारतीच्या वयामुळे आणखी एक प्रश्न येतो, आणि पुण्यातल्या जुन्या भागांत तो टाळून कर्जाचा विचार करणे योग्य नाही. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर या भागांतल्या या वयाच्या अनेक इमारती पुनर्विकासाला जात आहेत. आपल्या संस्थेत असा विषय निघाला आहे का, वास्तुविशारदाकडून व्यवहार्यता अहवाल मागवला आहे का, सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात काय नोंदले आहे, हे आधी पाहावे. पुढच्या तीन-चार वर्षांत इमारत पाडली जाण्याची खरी शक्यता असेल, तर फरशी आणि फर्निचरवर एक रुपयाही कर्जाने खर्च करू नये. केवळ सासूबाईंच्या सुरक्षिततेसाठी एक बाथरूम आणि वायरिंग एवढेच काम करून थांबावे, आणि तेवढ्यासाठी कर्जाची गरजही पडणार नाही. पुनर्विकासाची चर्चा केवळ जिन्यातल्या गप्पांपुरती असेल, तरच पुढचे सर्व विवेचन लागू आहे.

उरलेल्या कामाचे मी दोन भाग करतो. दोन्ही बाथरूम, नळजोडणी आणि वायरिंग यांचे ४ लाख २५ हजार, तसेच फरशी, ओटा आणि स्वयंपाकघरातील कपाटे यांचे ३ लाख ७५ हजार, असे ८ लाख रुपयांचे काम टिकाऊ आहे आणि ते घराच्या वास्तूशी जोडलेले आहे. फॉल्स सीलिंग, पडदे, टीव्ही युनिट आणि सोफा यांचे २ लाख ७५ हजार हा निराळा खर्च आहे. गृहसुधार कर्जात बहुतेक बँका हलवता येणारे फर्निचर धरत नाहीत. पण बँक देत असती तरी मी नको म्हटले असते, कारण सोफ्यासाठी व्याज भरण्यापेक्षा वर्षभर थांबून तो पगारातून घेणे आपल्या उत्पन्नात सहज शक्य आहे.

आता मुदतीकडे वळू. हिशेबासाठी वैयक्तिक कर्जाचा दर १२.५ टक्के आणि टॉप-अपचा ९ टक्के धरतो. आपल्याला प्रत्यक्ष मिळणारे दर थोडे वेगळे असतील, पण निष्कर्ष बदलणार नाही. आठ लाखांचे वैयक्तिक कर्ज पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण १८,००० रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे २ लाख ८० हजार होते. तेवढेच टॉप-अप कर्ज पंधरा वर्षांसाठी घेतले तर हप्ता केवळ ८,११४ रुपये येतो. शाखेत हाच आकडा आपल्याला दाखवला गेला असेल, आणि तो आकर्षक आहे यात शंका नाही. पण पंधरा वर्षांत भरायचे एकूण व्याज ६ लाख ६० हजार होते, म्हणजे साडेतीन टक्के स्वस्त असलेले कर्ज महाग कर्जाच्या दुपटीहून जास्त व्याज घेऊन जाते. हेच टॉप-अप पाच वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये आणि व्याज १ लाख ९६ हजार येते. सात वर्षांचे उदाहरण तर मी समोर बसलेल्या प्रत्येकाला कागदावर मांडून दाखवतो: ९ टक्क्यांनी सात वर्षे फेडल्यास व्याज २ लाख ८१ हजार होते, म्हणजे १२.५ टक्क्यांच्या पाच वर्षांच्या वैयक्तिक कर्जाइतकेच. कमी दराने मिळवलेला सगळा फायदा दोन वर्षांच्या वाढीव मुदतीत संपतो.

म्हणून मुदत ठरवताना हप्ता किती बसतो एवढेच न पाहता काम किती वर्षे टिकेल हेही पाहावे. नीट केलेली नळजोडणी आणि वायरिंग पंधरा-वीस वर्षे चालते, स्वयंपाकघरातील कपाटे दहा-बारा वर्षे, आणि रंग पाच-सहा वर्षे. ज्या रंगाचा थर पुन्हा द्यायची वेळ येईल त्याचे हप्ते तेव्हाही चालू असणे कोणत्याही कुटुंबासाठी चांगले नाही. आपला चालू हप्ता १७,४०० आणि नवा १६,६०० मिळून ३४,००० रुपये होतात, म्हणजे उत्पन्नाच्या साधारण ३१ टक्के. बँका सर्व हप्ते मिळून उत्पन्नाच्या साधारण निम्म्यापर्यंत जाऊ देतात, त्यामुळे पाच वर्षांची मुदत मंजूर व्हायला अडचण नाही. दोघांपैकी एकाची नोकरी अस्थिर असेल तर सात वर्षांची मुदत घेऊन दरवर्षी बोनसमधून मुद्दल कमी करावे. बदलत्या व्याजदराच्या कर्जाची वैयक्तिक कर्जदाराने मुदतपूर्व परतफेड केल्यास बँकेला त्यावर शुल्क आकारता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१४ पासूनचा नियम आहे.

वैयक्तिक कर्जात नेमकी हीच सवलत सहसा मिळत नाही, कारण त्याचा दर बहुधा स्थिर असतो. मुदतपूर्व परतफेडीवर ४ टक्के शुल्क असेल तर ५ लाख शिल्लक असताना कर्ज बंद करायला २०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी द्यावा लागतो. सुरुवातीचे प्रक्रिया शुल्क २ टक्के असेल तर आठ लाखांवर ते जीएसटीसह १८,८८० रुपये होते आणि तेवढे कमी होऊनच रक्कम खात्यात जमा होते. तरीही मी वैयक्तिक कर्जाला सरसकट वाईट म्हणणार नाही. दीड-दोन लाखांचे काम असेल, दोन वर्षांत फेडायचे असेल आणि गृहकर्ज चालू नसेल, तर घर तारण ठेवण्याचा खर्च आणि कागदपत्रांची यातायात वाचवण्यासाठी तोच मार्ग बरा.

टॉप-अप आणि गृहसुधार कर्ज या दोन्हींत घर तारण राहते, पण व्यवहारात फरक आहे. टॉप-अपची रक्कम बहुधा एकदम खात्यात येते. गृहसुधार कर्ज अंदाजपत्रकावर मंजूर होते आणि काम पुढे सरकेल तसे टप्प्याटप्प्याने मिळते. बँकेचा अभियंता येऊन काम पाहतो. लोकांना ही कटकट वाटते, पण जुन्या इमारतीत मी तिला कर्जदाराचे संरक्षण समजतो. व्याज केवळ उचललेल्या रकमेवर लागते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ठेकेदाराला सगळे पैसे आगाऊ देण्याचा मोह होत नाही. दोन्हींचा दर सारखाच मिळत असेल तर आपण गृहसुधार कर्ज मागावे.

त्यासाठी अंदाजपत्रक मात्र बाबवार लागेल. आपण पाठवलेल्या कागदावर ‘दोन बाथरूम, संपूर्ण, ३ लाख’ अशी एकच ओळ आहे, आणि तेवढ्यावर अभियंता काही ठरवू शकत नाही, आपणही नाही. १९९४ च्या इमारतीत बाथरूमची जुनी फरशी उखडल्यावर खाली गंजलेले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आणि भिजलेला कोबा (फरशीखालचा विटांचे तुकडे व सिमेंटचा थर) सापडतो. त्यामुळे फरशी तोडणे व राडारोडा उचलणे, जुने पाइप काढून सीपीव्हीसी (प्लॅस्टिकचे) पाइप टाकणे, खोलगट स्लॅब साफ करून वॉटरप्रूफिंग करणे, किमान दोन दिवस पाणी साठवून गळती तपासणे, मग कोबा आणि घसरणार नाहीत अशा टाइल्स, असे प्रत्येक काम परिमाण आणि दरासह स्वतंत्र लिहून घ्यावे. पाणी साठवण्याची चाचणी खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या समक्ष करावी आणि ती पूर्ण झाल्याशिवाय त्या टप्प्याचे पैसे देऊ नयेत. सासूबाईंसाठी कमोडशेजारच्या भिंतीत आधाराचा दांडा बसवायचा असेल तर तो टाइल्स लावण्यापूर्वी ठरवावा. स्वयंपाकघराच्या कपाटांसाठी ‘चांगले प्लाय’ असे न लिहिता आयएस ७१० दर्जाचे मरीन प्लाय असे लिहून घ्यावे; आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराचे प्लाय आहे आणि सिंकखाली ते टिकत नाही. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये प्लायचे आणि तापकीर गल्लीत वायर व स्विचचे दर एकदा स्वतः विचारून आल्यास ठेकेदाराच्या आकड्यांतला कोणता भाग साहित्याचा आणि कोणता मजुरीचा, याचा अंदाज येतो. त्यानंतरच्या बोलणीत जे पैसे कमी होतात, ते व्याजदर पाव टक्क्याने कमी करून घेण्यापेक्षा बहुधा जास्त असतात.

कागदपत्रांबाबत आपली अडचण कमी आहे, कारण मूळ खरेदीखत आणि साखळीतील करार (आधीच्या मालकांचे करार) गृहकर्जाच्या बँकेतच तारण आहेत. दुसऱ्या बँकेकडे जाणाऱ्यांनी मात्र इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा खरेदीचा सारांश उतारा), मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला, मिळकत कराची पावती आणि संस्थेचे ना हरकत पत्र तयार ठेवावे. पुण्यात बऱ्याच इमारती सहकारी संस्था म्हणून नोंदलेल्या नसून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली आहेत. तिथे भाग दाखल्याऐवजी डीड ऑफ अपार्टमेंट (सदनिकेच्या मालकीचा दस्त) आणि डीड ऑफ डिक्लरेशन (संपूर्ण इमारतीचा घोषणा दस्त) लागते, आणि गळतीच्या खर्चाची वाटणीही त्या डिक्लरेशनमध्ये पाहावी लागते. नियमित न झालेल्या गुंठेवारीतील (परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरील) घराला तारण कर्ज मिळणे कठीण जाते. रक्कम मंजूर करताना बँक मूळ कर्जाची शिल्लक आणि नवी रक्कम मिळून घराच्या मूल्याशी प्रमाण पाहते. आपली एकूण रक्कम २२ लाख होईल आणि ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला ही मर्यादा ९० टक्के आहे, त्यामुळे कोथरूडमधील दोन बेडरूमच्या घराला तिथे अडचण येऊ नये.

दर कशाला जोडलेला आहे हेही विचारावे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपो दरासारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्या दरासारख्या) बाह्य मानदंडाला जोडणे बंधनकारक आहे आणि त्यांचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरवावा लागतो. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही. त्या स्वतःच्या आधारभूत दरावर चालतात. आपली ‘बँक’ प्रत्यक्षात गृहवित्त कंपनी असेल तर मागच्या दोन वर्षांत आपला दर केव्हा आणि किती बदलला याचा तक्ता मागावा.

ठेकेदाराने सुचवलेली हप्त्यांची सोय मी नाकारली असती. अशा ठिकाणी दर बहुधा ‘फ्लॅट’ सांगतात, म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज संपूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच धरतात. ५ लाखांवर ८ टक्के फ्लॅट दराने तीन वर्षांचे व्याज १ लाख २० हजार आणि हप्ता १७,२२२ रुपये येतो. घटत्या शिलकीच्या पद्धतीने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरल्यास, हाच हप्ता साडेचौदा टक्क्यांच्या आसपासच्या दराचा आहे. बिनव्याजी म्हणून सांगितलेल्या हप्त्यांमध्ये रोखीच्या ग्राहकाला मिळणारी सूट आपल्याला नाकारलेली असते, तेव्हा व्याज तिथे भरलेच जाते. शिवाय काम अर्धवट राहिले तरी वित्तकंपनीचे हप्ते थांबत नाहीत, आणि ठेकेदाराला त्याचे पैसे आधीच मिळालेले असतात.

इतर मार्गांपैकी मुदत ठेवीवरील ओव्हरड्राफ्ट (ठेव न मोडता तिच्या तारणावर हवे तेव्हा पैसे उचलण्याची सोय) आपल्याला उपयोगी पडेल. ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक ते दोन टक्के जास्त व्याज लागते आणि तेही वापरलेल्या दिवसांपुरतेच. फरशी उखडल्यावर खर्च वाढला तर कर्ज वाढवण्याऐवजी किंवा ठेव मोडण्याऐवजी तो वापरावा. ठेव स्वतः मात्र कामात घालू नये. घरात वयस्कर माणूस येत आहे आणि हाताशी रक्कम असणे आवश्यक आहे. सोने तारण कर्ज काही महिन्यांच्या गरजेला ठीक, पाच वर्षांच्या कामाला नाही. दोघांपैकी कोणी पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचे सभासद असाल तर तिथला दर जरूर विचारावा, पण भागभांडवलापोटी किती रक्कम कापली जाते आणि ज्यांना जामीनदार करायचे त्यांच्या स्वतःच्या कर्जावर त्याचा काय परिणाम होतो, याचा आधी विचार करावा.

सही करण्यापूर्वी बँकेने दिलेले की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता) घरी आणून वाचावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ मुदत कर्जांसाठी ते देणे सक्तीचे आहे आणि त्यात सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक दर एका आकड्यात लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना याच आकड्यावरून करावी. त्यात कर्जसंरक्षण विम्याचा एकरकमी हप्ता मिळवलेला आहे का ते मुद्दाम पाहावे. असा विमा सक्तीचा नाही, आणि तो कर्जातच मिळवला असेल तर विम्याच्या हप्त्यावरही आपण पाच वर्षे व्याज भरतो. दोघांकडे पुरेसा मुदत विमा असेल तर तो नको असे लेखी कळवावे. तारणाच्या कागदांवरील मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशनचा (तारणाची नोंदणी कार्यालयाला द्यायच्या सूचनेचा) खर्च टॉप-अपमध्येही येऊ शकतो. तो किती, हे शाखेतून लिहून घ्यावे.

करबचतीच्या आशेवर हा निर्णय घेऊ नये. स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्तीच्या कर्जावरील व्याजाला जुन्या करप्रणालीत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच वजावट मिळते, आणि तीही गृहकर्जाच्या व्याजाच्या एकूण २ लाखांच्या मर्यादेत. दुरुस्तीच्या मुद्दलाला ८०सी ची सवलत नाही. नव्या करप्रणालीत राहत्या घरासाठी यातले काहीच मिळत नाही. जुन्या प्रणालीत असाल तर ठेकेदाराची पक्की बिले आणि बँकेतून केलेली देणी सांभाळून ठेवावीत, कारण वजावट पैशाच्या वापरावर अवलंबून असते.

शेवटी वेळेबद्दल. बाथरूम आणि फरशीचे काम मे अखेरपर्यंत संपायला हवे, कारण पावसाळ्यात कोबा आणि प्लास्टर वाळत नाही आणि छताची ओल नेमकी कुठून येते हेही कळत नाही. त्यासाठी संस्थेला गच्चीचा अर्ज जानेवारीत द्यावा, बाबवार अंदाजपत्रक आणि सिबिल अहवाल (आपल्या कर्जफेडीच्या इतिहासाचा अहवाल) फेब्रुवारीत हाती असावा आणि कर्जाचा अर्ज मार्चच्या पहिल्या आठवड्यात जावा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शाखा वर्षअखेरीच्या कामात गुंतलेल्या असतात आणि कागद पुढे सरकायला एप्रिल उजाडतो. पहिली उचल काम सुरू होईल त्याच आठवड्यात घ्यावी. ठेकेदाराला सुरुवातीला १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त आगाऊ देऊ नये, आणि शेवटचे १० टक्के पहिला मोठा पाऊस होऊन खालच्या मजल्यावरचे छत कोरडे असल्याची खात्री झाल्यावर द्यावेत, असे करारातच लिहून घ्यावे.